पोतोसी : चांदीच्या डोंगराखालचे शहर

'रुपया' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. शेरशाह सूरीचा रुपया चांदीचा होता. पुढे मोगल बादशहांनीही चांदीचाच रुपया पाडला. पण हिंदुस्थानात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. मग एवढी चांदी आली कोठून? तिचा मोठा भाग समुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून आला. तेथील सर्वांत प्रसिद्ध खाण म्हणजे पोतोसीचा डोंगर. शेरशाहचा मृत्यू १५४५ साली झाला. त्याच वर्षी या डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी सापडली.

नकाशात दक्षिण अमेरिका पाहा. तिच्या मध्यभागी बोलिव्हिया हा देश आहे. पोतोसी शहर तेथे अँडीज पर्वतात, ४,००० मीटरपेक्षाही उंचावर वसले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. यावरून कल्पना करा! तेथे हवा इतकी विरळ असते की नवख्या प्रवाशाला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. म्हणून पहिल्या दिवशी विश्रांती घेणेच बरे.

शहरातील गल्ल्या अरुंद आहेत. घरांना कोरीव लाकडी सज्जे आहेत. कोणत्याही चौकात उभे राहिले की समोर तांबूस रंगाचा, निमुळता डोंगर दिसतो. त्याचे नाव 'सेरो रिको', म्हणजे श्रीमंत डोंगर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात सुमारे दीड लाख लोक राहत होते. त्या काळी जगात इतकी मोठी शहरे थोडीच होती.

पण डोंगरात उतरून चांदी काढणार कोण? फ्रान्सिस्को दे तोलेदो या स्पॅनिश सुभेदाराने १५७३ च्या सुमारास 'मिता' ही पद्धत लागू केली. 'मिता' म्हणजे आळीपाळीने करायचे काम. हा शब्द जुन्या इंका राज्यातला. स्पॅनिश सत्तेखाली मात्र ती वेठबिगार झाली. उर्दूत आपण तिला 'बेगार' म्हणतो. गावातील दर सात पुरुषांपैकी एकाला सक्तीने पोतोसीला जावे लागे. असे सुमारे १३,००० मजूर दर वर्षी येत. काही जण शेकडो किलोमीटर चालत, बायकामुलांसह येत. अंगठ्याला मेणबत्ती बांधून आणि पाठीवर वीस-पंचवीस किलो दगड घेऊन मजूर कातडी दोरांच्या शिडीवरून वर चढत. हे वर्णन खोसे दे आकोस्ता या पाद्र्याने १५९० साली छापलेल्या ग्रंथात केले आहे.

दगडातून चांदी वेगळी करण्यासाठी पारा लागे. दगडाची पूड करून तीत मीठ, पाणी आणि पारा कालवत. चांदी पाऱ्यात मिसळे. मग ते मिश्रण तापवले की पारा उडून जाई व चांदी मागे राही. पाऱ्याची वाफ विषारी असते. ती मजुरांच्या छातीत जाई. दगड कुटणाऱ्या गिरण्या पाण्यावर चालत. त्यांच्यासाठी डोंगरांत तलाव बांधले होते. १६२६ साली त्यांपैकी एकाचा बांध फुटला. पुराने अनेक गिरण्या आणि माणसे वाहून नेली. त्यांतील काही तलाव आजही शहराबाहेर पाहता येतात.

शहरातील सर्वांत भव्य इमारत म्हणजे टांकसाळ. ती १७७३ साली पूर्ण झाली. आता तेथे संग्रहालय आहे. चांदीचे पत्रे लाटणारी प्रचंड लाकडी यंत्रे तेथे अजून उभी आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे गोल फिरत आणि वरची चाके फिरवत. ही इमारत होण्यापूर्वीही शहरात जुनी टांकसाळ होतीच. पोतोसीची चांदी लामा व खेचरांच्या पाठीवरून किनाऱ्याला आणि तेथून जहाजांनी युरोपात जाई. तिच्यातील काही भाग व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेला पोहोचे. तेथे स्पॅनिश नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडत.

डोंगर आजही खोदला जातो. आता जस्त, कथील आणि थोडी चांदी निघते. प्रवाशांनाही खाणीत नेतात. जाण्यापूर्वी बाजारातून खाणकामगारांसाठी कोकाची पाने विकत घेण्याची रीत आहे. ती चघळली की भूक आणि थकवा कमी जाणवतो. घाम गाळणाऱ्या माणसाकडे तमाशासारखे पाहणे मला काही बरे वाटत नाही. जायचेच असेल तर त्यांच्याशी दोन शब्द बोलावे. शतकानुशतकांच्या खोदकामाने डोंगर आतून पोकळ झाला आहे. २०११ साली त्याच्या शिखराचा काही भाग खचला. २०१४ साली युनेस्कोने हे शहर धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घातले.

आसपासचा प्रदेशही पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर उयुनीचे पांढरेशुभ्र मीठ-मैदान आहे. ते जगातील सर्वांत मोठे मीठ-मैदान होय. ईशान्येला सुमारे १६० किलोमीटरवर सुक्रे हे शहर लागते. ते बरेच खाली असल्याने तेथे थंडी कमी आहे. चांदीवर श्रीमंत झालेली अनेक कुटुंबे तेथे राहायला गेली. त्याच सुक्रे शहरात ६ ऑगस्ट १८२५ रोजी बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. मिताची बेगारही त्याच वर्षी कायमची संपली. ज्या दिवाणखान्यात ती घोषणा झाली, तो आजही पाहता येतो.