देवळाली स्थानक : युद्धकाळ आणि एका शब्दाचे स्थलांतर

गावाचे नाव परभाषेत जाते तेव्हा त्याचा उच्चार बदलतो. क्वचित अर्थही बदलतो. नाशिकजवळील देवळाली हे याचे लक्षणीय उदाहरण होय. इंग्रजीतील ‘डूलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट. हा शब्द देवळालीचेच रूपांतर आहे.

या अर्थाचे मूळ रेल्वे व लष्कर यांच्या संबंधात आढळते. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि देशावरून मुंबई बंदराकडे जाणे सुकर झाले. मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवरील देवळालीच्या छावणीत, सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई आगगाडीने येत व जहाजाची वाट पाहत. सैनिकी जहाजांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा असल्याने, हंगाम संपताना आलेल्यांना महिनेच्या महिने रिकामे बसावे लागे. ऊन, हिवताप, मद्य आणि निरुद्योगीपणा यांनी मन ढळे. १९०२ नंतर हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्‌सने १९३६ च्या आपल्या आठवणींत या अवस्थेचे वर्णन केले आहे.

शिपायांची मूळ उक्ती ‘डूलॅली टॅप’ अशी होती. त्यातील ‘टॅप’ हा हिंदुस्थानीतील ‘ताप’ होय. इंग्रजीत ‘ळ’ नसल्याने तेथे ‘ल’ आला. आघात दुसऱ्या अवयवावर गेल्याने पहिल्या अवयवातील ‘एव’चा ‘ऊ’ झाला. पुढे ‘टॅप’ गळाला आणि तापाचा अर्थ एकट्या ग्रामनामावर येऊन बसला.

या शब्दाच्या प्रसारास पहिले महायुद्ध (१९१४–१८) साहाय्यभूत झाले असावे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दकोशात ही उक्ती नोंदलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा गजबजली. येथे मायदेशी परतणाऱ्या सैनिकांचे ठाणे होते. युद्ध संपले तरी जहाजे अपुरी होती. प्रतीक्षा संपली नव्हती.

मराठीत मात्र हा अर्थ रुजला नाही. गोदाकाठच्या सायखेड्यापासून इगतपुरीपर्यंत देवळाली म्हणजे गाव, स्टेशन आणि छावणी. नावाच्या पूर्वपदात ‘देऊळ’ स्पष्ट ऐकू येते. अर्थ गावाने दिला नव्हता, तो तेथे थांबलेल्यांच्या अनुभवातून आला. इंग्रजीत आज थट्टेने वापरला जाणारा हा शब्द, लढाईत न पडलेल्या पण वाट पाहून खचलेल्या माणसांची नोंद आहे. अशा नोंदी दप्तरांत क्वचितच राहतात. भाषेत त्या राहतात.