भोरड्या निघाल्या उत्तरेला

महाराष्ट्रातल्या बागांमध्ये वसंत हा पाहुण्या पक्ष्यांच्या निघण्याचा काळ असतो. हिवाळाभर मुक्कामाला असलेले धोबी, वटवटे, माशीमार आणि भोरड्या एप्रिल सरेपर्यंत बहुतेक उत्तरेकडे गेलेले असतात. हे परतीचे स्थलांतर पाहायला धरण किंवा अभयारण्यच गाठायला हवे असे नाही. पुण्याचे एम्प्रेस गार्डन, मुंबईची राणीची बाग किंवा जुनी झाडे राखलेले गावातले कोणतेही उद्यान त्याला पुरते.

उभे राहावे ते फुललेल्या पांगाऱ्याखाली, पळसाखाली किंवा काटेसावरीखाली. सकाळच्या कोवळ्या उन्हात भोरड्यांचा, म्हणजे पळसमैनांचा थवा कलकलाट करत उतरतो. मध पिताना त्यांच्या कपाळाला पराग माखतो आणि तसाच पुढच्या फुलाला लागतो. हिवाळ्यात मळकट दिसणारी भोरडी मार्चमध्ये गुलाबी-काळी झळाळते, पण त्यासाठी तिला नवी पिसे येत नाहीत. जुन्या पिसांची फिकट टोके झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. हिरवळीवर शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबी मात्र निघण्यापूर्वी डोक्याची नि छातीची पिसे खरोखरच बदलतो. एकाच बागेत या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळाव्यात, हे मोठे भाग्यच.

निघण्याची मुख्य खूण दिवसाच्या वाढत्या लांबीतून मिळते. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूतल्या पेशींना जाणवतो, संप्रेरके बदलतात आणि भूक वाढते. पायात कडी घालणारे अभ्यासक पक्ष्याच्या गळ्याखालची पिसे फुंकर मारून बाजूला करतात, तेव्हा पातळ कातडीतून साठलेली पिवळी चरबी दिसते. दहा-बारा ग्रॅमच्या वटवट्याचा हजारो किलोमीटरचा प्रवास याच शिदोरीवर सुरू होतो. वाटेत थांबून ती पुन्हा भरावी लागते, म्हणून शहरातली झुडपे आणि त्यांवरचे किडे मोलाचे. वटवटे आणि माशीमार मुख्यतः रात्री उडतात, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधाराने दिशा धरतात. भोरड्या दिवसा, थव्याने जातात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात मे-जूनमध्ये टोळ-नाकतोडे माजतात, त्याच सुमारास भोरड्यांची पिल्ले वाढतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात.

पक्षी आला की लगेच लक्षात येते. गेलेला कळायला दिवस लागतात. त्यामुळे नोंदवहीत रोज दिसलेल्या प्रत्येक जातीचे नाव लिहावे, म्हणजे शेवटच्या दर्शनाची तारीख आपोआप हाती लागते. वर्षानुवर्षांच्या अशा तारखांवरूनच स्थलांतराच्या वेळा सरकत आहेत का, हे ताडता येते. वटवट्यांसाठी कान उघडे ठेवावेत: हिवाळाभर झुडपातून नुसते ‘चक् चक्’ करणारे काही नर निघण्याच्या बेतात असताना गाऊ लागतात.

मेच्या मध्यापासून याच बागांमध्ये उलट दिशेची रहदारी सुरू होते. नवरंग विणीसाठी येतो आणि पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक पोहोचतो. भोरड्यांचे पहिले थवे तर जुलै-ऑगस्टमध्येच परत दिसू लागतात.