पगार सुरू झाला, तर भत्ता जाईल?

पाठीच्या दुखण्याने किंवा मानसिक आजाराने वर्षभर घरी असलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, ‘आता रोज तीन-चार तास काम करायला हरकत नाही.’ बातमी चांगलीच असते. पण घरात लगेच हिशेब सुरू होतो. काम धरले आणि अपंगत्वाचा भत्ता बंद झाला तर? पुढे दुखणे उलटले आणि नोकरीही गेली तर? शरीर साथ देत असूनही या धास्तीने पाऊल अडू शकते.

नॉर्वेमध्ये याचा पडताळा घेता आला. १ जानेवारी २००४ पूर्वी भत्ता सुरू झालेल्यांना तिथे २००५ पासून एक सवलत मिळाली. ठरावीक मर्यादेपुढे कमावलेल्या दर १०० क्रोनमागे त्यांच्या भत्त्यातून साधारण ६० क्रोनच कापले जाऊ लागले. म्हणजे काम केले की हाती थोडे जास्तच उरणार. त्या तारखेनंतरच्यांना मात्र जुनेच नियम लागू राहिले. तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक बाकी सारखेच असल्याने तुलना सोपी झाली. अर्थतज्ज्ञ आंद्रियास कोस्टोल आणि मॅग्ने मोगस्टाड यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सवलत मिळालेल्यांपैकी अधिक जण कामाकडे वळल्याचे त्यांना दिसले. अशा सवलतीने लोकांचे उत्पन्न वाढते आणि सरकारचा खर्चही घटू शकतो, असे त्यांनी दाखवले. पन्नाशीपुढच्या वयात मात्र असा परिणाम दिसला नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतही दर दोन डॉलरच्या जादा कमाईमागे एकच डॉलर कापण्याचा मोठा सरकारी प्रयोग झाला. तिथे सरासरी कमाई वाढली नाही. नियम किचकट असतील आणि ते लोकांपर्यंत नीट पोहोचले नाहीत, तर सवलत कागदावरच राहते.

मग भत्ताच नाकारला तर लोक कामाला लागतील? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन बाउंड यांनी १९८९ मध्ये अर्ज फेटाळल्या गेलेल्या पुरुषांची माहिती तपासली. त्यांतले निम्म्याहून कमी जण काम करत होते. म्हणजे भत्ता घेणाऱ्याला आळशी ठरवणे चुकीचे आहे. पुष्कळांची तब्येत खरोखरच साथ देत नाही.

आपल्याकडे ईएसआय योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ कामावर रुजू होताच थांबतो. कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ मात्र कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात आयुष्यभर मिळतो, पुन्हा नोकरी धरली तरीही. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही किंवा पदही खाली आणता येत नाही.

म्हणून कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांना ‘किती तास, कोणते काम’ हे विचारा आणि संबंधित कार्यालयात ‘लाभाचे काय होईल’ हेही विचारा. दोन्ही उत्तरे लेखी घ्या. हिशेब स्पष्ट असला की निर्णय धास्तीवर नव्हे, तब्येतीवर घेता येतो.