गोळ्यांची पिशवी

परवा कपाट आवरताना औषधांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स सापडल्या आणि २०२० चा मे महिना डोळ्यांसमोर उभा राहिला.

फोन एका मावशींच्या मुलीचा होता. भाऊ आणि आई दोघंही तुरुंगात. आईचं वय साठीच्या पुढे, मधुमेह आणि दमा. "ताई, काहीतरी करा ना!" मला उत्तरच सुचेना. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या त्यांच्या सुनेने जीव दिला, तेव्हा तिच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसणारी मीच होते!

सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२० लाच सांगितलं होतं की, तुरुंगातली गर्दी कमी करा. कुणाला तात्पुरता जामीन वा पॅरोल द्यायचा, ते प्रत्येक राज्याच्या उच्चाधिकार समितीने ठरवावं. उदाहरण दिलं होतं ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांचं. मावशींवर कलम ३०६, म्हणजे १० वर्षांपर्यंत. गुन्ह्याचं कलम आधी बघायचं, आजार नंतर. इकडे आर्थर रोड तुरुंगात शंभराहून जास्त कैदी पॉझिटिव्ह निघालेले.

ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या, "अहो, जन्मठेपेच्या गुन्ह्यातही बाई, आजारी किंवा अशक्त आरोपीला जामीन देण्याची मुभा ४३७ कलमात आहे. कागद जमवा." रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आधी त्या सुनेच्या आईला फोन केला. मागाहून दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

मी चिठ्ठ्या जमवल्या. तात्पुरता जामीन मिळाला. पण न्यायचं कुठे? मुलीच्या सासरी दीड खोली, दोन लहान मुलं, त्यात कोरोनाची धास्ती. शेवटी महापालिकेच्या शाळेतल्या विलगीकरण कक्षात सोय झाली. मावशी गोळ्यांची पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या. माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही त्यांनी.

मी चुकले का? पुढे ५ जुलै २०२१ ला, ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरणारे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट बघत कच्चे कैदी म्हणूनच गेले. त्या दिवशी वाटलं, नाही. जामीन म्हणजे माफी नव्हे. मावशी दोषी की निर्दोष, ते कोर्टाने ठरवावं, दम्याने नव्हे.

खटला अजून चालूच आहे. सुनेची आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हती. गेल्या संक्रांतीला दारात आली, हातावर तिळगूळ ठेवला आणि काही न बोलता परत गेली.