थेरपिस्ट आपल्याच भाषेतला हवा का?

हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला होता. आजच्या भागात जे बोललो, तेच इथे थोडं नीट करून लिहितोय.

आधी माझं सांगतो. बंगळुरूला आल्यावर दुसऱ्या वर्षी माझी झोप उडाली. पहिल्या काउन्सेलरला सांगितलं की बहिणीच्या लग्नाचं कर्ज माझ्या पगारातून फिटतंय. त्या म्हणाल्या, घरच्यांना 'नाही' म्हणायला शिका. सल्ला वाईट नव्हता, पण पैसे देण्याचा मला त्रास नव्हताच. त्रास हा होता की दमलोय हे घरी सांगता येत नव्हतं. दोन सेशननंतर मी जाणं बंद केलं. गंमत म्हणजे त्या मराठीच होत्या.

दुसरे थेरपिस्ट तमिळ. मराठीचा गंध नाही. त्यांनी विचारलं, "हे घरी सांगायचं झालं तर कसं सांगाल?" मी म्हटलं, "जीव थाऱ्यावर नाही." मग त्याचा अर्थ त्यांना इंग्रजीत समजावता समजावता मलाच बरंच काही उमगलं.

असे प्रश्न विचारायची एक ठरलेली पद्धत आहे, हे नंतर कळलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम-५ हे निदानाचं पुस्तक काढलं. त्यात 'कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू' नावाची १६ प्रश्नांची मुलाखत आहे. तिची चाचणी सहा देशांत झाली, आणि त्यात आपलं पुणेही होतं. तुमच्या मते हे कशामुळे झालं? घरचे काय म्हणतात? आधी कुठे कुठे मदत घेतली? इथे देवऋषी, वैद्य, बुवा, काहीही सांगा, थेरपिस्टने नाक मुरडायचं नाही. कुणी फक्त 'डोकं जड होतं, छातीत धडधडतं' एवढंच सांगत असेल, तर तिथूनच सुरुवात करायची. (आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट समजून घेणं म्हणतात. तेही आम्ही धड करत नाही, ते सोडा.)

यातली मेख अशी की प्रश्न माणसाला विचारायचे, त्याच्या समाजाबद्दलच्या ऐकीव माहितीला नाही. 'मराठी घरांत असंच असतं' असं थेरपिस्टने मनात धरलं की ऐकणं थांबलंच. आपल्याच समाजातल्या थेरपिस्टकडून ही चूक सहज होते, कारण त्याला सगळं ओळखीचं वाटतं. उलट बाजूही आहे. घरात मारहाण होत असेल तर 'यांच्यात चालतं' म्हणून सोडून देणं हा संस्कृतीचा आदर नव्हे, ती सरळ हयगय आहे.

भाषा अडली तर दुभाषी घेतात, पण शक्यतो घरातला नाही. आईचं दुखणं मुलगा सांगायला बसला की आई काय काय गाळेल, विचार करा.

मुलाखतीतला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. आपली पार्श्वभूमी वेगळी असल्याने माझ्याकडून तुम्हाला समजून घेण्यात चूक होईल अशी काळजी वाटते का? थेरपिस्टने नाही विचारलं, तर पहिल्याच सेशनला तुम्ही हा विषय काढा. आणि मराठीतच बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६. फोन फुकट लागतो.