गटार संपते तिथे

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाला पंचवीस वर्षे होऊन गेली. आणि पंचगंगेकाठच्या आम्हा शिरोळकरांना अजून उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याशी मेलेले मासे पाहावे लागतात, पात्रभर माजलेले केंदाळ पाहावे लागते. या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून हा मागोवा.

अभियानाआधीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाणी डोक्यावरून आणावे लागे, त्यामुळे सांडपाणीही बेताचेच. ते परसातल्या केळी-अळूच्या बुंध्याशी जिरून जाई.

2000 साली ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी अभियान सुरू केले आणि पुढची दहा वर्षे गावे खरोखर हलली. अनुदानाची वाट न पाहता लोकांनी वर्गणी काढली, श्रमदान केले. मास्तर, सरपंच, बचत गटातल्या बायका पहाटे झाडू घेऊन बाहेर पडत. ती ओढ पुन्हा दिसली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

पण त्याच दशकात नदीचे नुकसानही झाले. गल्लोगल्ली सिमेंटची गटारे बांधली गेली आणि परसात जिरणारे पाणी थेट ओढ्यात, तिथून पंचगंगेत जाऊ लागले. आमच्याकडे तपासणीला आलेल्या पथकाने चौक पाहिला, शौचालये पाहिली. ओढ्याच्या तोंडापर्यंत कोणी आले नाही. उपाय म्हणून शोषखड्डे सांगितले गेले. मुरमाड माळावरच्या गावांत ते उत्तम चालतात. शिरोळची जमीन काळी, ठिकठिकाणी क्षारपड, पाणी हाताभरावर. खड्डे महिनाभरात तुंबले. हे एका बैठकीत मांडले, तेव्हा आराखडा सगळीकडे एकच आहे, असे सांगून मला खाली बसवले गेले. त्या उत्तराचा राग आजही गेलेला नाही.

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. तेव्हापासून नदीच्या घाणीसाठी साऱ्यांचे बोट शहरांकडे आणि कारखान्यांकडे. ते रास्तच आहे, मोठा वाटा त्यांचाच. पण घरोघरी नळ आल्यावर गावांचे काय? जलजीवन मिशन माणशी रोज 55 लिटर पाणी देऊ पाहते. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. म्हणजे 5,000 वस्तीच्या गावातून रोज सव्वादोन लाख लिटर. त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात; उरलेले नत्र-स्फुरद केंदाळाला खत होते.

हे अडवायला मोठी यंत्रे लागत नाहीत. गटार संपते तिथे आधी जाळी, मग गाळ खाली बसवणारी टाकी, पुढे ऊन खाणारी उथळ तळी आणि शेवटी खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस. तळ्यातले शेवाळ प्राणवायू देते, त्यावर जिवाणू घाण फस्त करतात, ऊन रोगजंतू मारते. नत्र-स्फुरद सगळे जात नाही; म्हणून बाहेर पडणारे पाणी नदीत सोडण्यापेक्षा चारा पिकाला द्यावे. जागा मात्र पूररेषेच्या वर हवी. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पैसाही नव्हता असे नाही. 2020 मध्ये आलेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 वस्तीपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची तरतूद होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतही स्वच्छतेचा वाटा होता. नाही ती रोजची देखभाल. जिथे अशी व्यवस्था झाली, तिथे जाळीतला कचरा कोणी काढत नाही, गाळ वर्षानुवर्षे तसाच, कर्दळ कापायला माणूस नाही. विजेवर चालणारे पंप बसवले, तिथे बिल थकले की सांडपाणी सरळ ओढ्यात. उद्घाटनाच्या फलकावर खर्च होतो, गाळ उपसणाऱ्याच्या पगारावर होत नाही, हीच आपली खरी चूक आहे.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. आपले गटार कुठे संपते? तिथला गाळ शेवटचा कधी काढला? ते काम करणाऱ्या माणसाचा पगार यंदाच्या अंदाजपत्रकात आहे का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.