चार तळहातांएवढी पकड

इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ ही वाहनचाचणी संस्था आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या लंबगोल ट्रॅकचे उद्घाटन जून २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. या ट्रॅकची वळणे आतल्या बाजूला इतकी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगाने गाडी वळताना स्टिअरिंगला बळ लावावे लागत नाही. त्यामागे साधी भूमिती आहे. वळणाची त्रिज्या एक किलोमीटर धरली, तर या वेगाला रस्ता सुमारे २६ अंशांनी कलवावा लागतो. मग गाडीला आत ढकलण्याचे काम रस्ताच करतो, टायरला ते करावे लागत नाही. इंदूरच्या विजयनगर चौकात मात्र असा उतार कोणी बांधून दिलेला नाही. तिथे ते सगळे काम टायरने करायचे असते, आणि मसल कार घ्यायची की स्पोर्ट्स सेडान, या वादाचा निकाल मला याच टायरपाशी लागताना दिसतो.

वाद घालणारे बहुधा इंजिनाच्या आकड्यांवरून भांडतात. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेले ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन. मसल कारचे घराणे तिथून सांगितले जाते. दुसरीकडे १९८५च्या बीएमडब्ल्यू एम-५ने चार दारांच्या घरगुती गाडीला शर्यतीचे पाय दिले. भारतात २०१६ला आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये ५ लिटरचे व्ही-८ होते, शक्ती ४००च्या आसपास. २०२१ला आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३४०आयची ३ लिटरची सहा सिलिंडरांची मोटर ३८७ अश्वशक्ती देते. कागदावर फरक किरकोळ आहे. खरा फरक ती शक्ती जमिनीपर्यंत पोचते कशी, यात आहे.

१७०० किलोची गाडी घ्या. टायरमधल्या हवेचा दाब आणि चाकावरचा भार यांचा हिशेब केला, तर प्रत्येक टायर रस्त्याला साधारण १८० चौरस सेंटिमीटर टेकलेला असतो. बोटांसकट पसरलेला हात जेवढा, तेवढाच. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरू. फक्त मागची चाके ओढणारी असतील आणि वेग घेताना त्यांच्यावर ६० टक्के भार असेल, तर ती फार तर ८००० न्यूटन बल लावू शकतात. ताशी ५० किलोमीटरला या बलाला लागतात अवघ्या १५० अश्वशक्ती. त्यापुढची शक्ती टायर जाळण्यात आणि धूर काढण्यात जाते. शक्ती चारही चाकांना वाटली, तर त्याच वेगाला सुमारे २५० अश्वशक्ती कामी येतात. एम-३४०आय अशी चारही चाकांना शक्ती देणारी आहे. शून्यावरून शंभरला ती ४.४ सेकंदांत पोचते, याचे बरेचसे श्रेय या वाटपाला आहे.

वळणावर तर इंजिन विचारातही येत नाही. २५ मीटर त्रिज्येच्या चौकात, त्याच घर्षणांकाला, ताशी ५० किलोमीटरच्या वर कोणतीही गाडी टिकत नाही. गाडीचे वजन समीकरणातून गळून पडते आणि अश्वशक्ती त्यात मुळातच नसते. शिवाय पकड ही एकच पुंजी आहे. वळण्यात तिचे ८० टक्के खर्च झाले, तर ब्रेकसाठी २० नव्हे, ६० टक्के उरतात, कारण दोन्ही बले काटकोनात असतात आणि हिशेब पायथागोरसचा लागतो. पण वळणाने शंभर टक्के घेतले, की हाती भोपळा. जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल यांचा चिखल झाला, की घर्षणांक निम्म्यावर येतो आणि वरचे सगळे आकडे त्याच्याबरोबर खाली घसरतात.

यावर आक्षेप येईल की हा विजय सेडानचा नसून चार चाकांना दिलेल्या शक्तीचा आहे. आक्षेप बरोबर आहे. मागची चाके ओढणाऱ्या स्पोर्ट्स सेडानही आहेतच. मस्टँगलाही २०१५च्या मॉडेलपासून मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे तिरके होत नाही. जुन्या मसल कारवर बसलेला ‘फक्त सरळ पळणारी’ हा शिक्का तिला पूर्णपणे लागू होत नाही. मात्र ‘ट्रॅक्शन कंट्रोल आहे ना’ हे उत्तर मला पटत नाही. ती यंत्रणा पकड वाढवत नाही; टायरला न पेलणारी शक्ती कापून टाकते. म्हणजे ज्या शक्तीचे पैसे मोजले, तीच हिरावून घेते.

त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या ४२ अंशांना इथली हवा, १५ अंशांच्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा ढोबळमानाने १४ टक्के विरळ असते. टर्बोशिवाय श्वास घेणाऱ्या व्ही-८ची जवळजवळ दहावा हिस्सा शक्ती त्यात जाते. एम-३४०आयमधला टर्बो हवा दाबून कोंबतो, त्यामुळे ही तूट बरीच भरून निघते. माळव्याच्या पठारावर हा मुद्दा कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त मोलाचा आहे.

‘बायपासवर सरळ रस्ता आहे, तिथे काय?’ असेही विचारले जाईल. स्थिर शंभरच्या वेगाला हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला वीस-बावीस अश्वशक्ती पुरतात. उरलेल्या पावणेचारशे डिक्कीतल्या सामानासारख्या नुसत्या सोबत असतात. मानपूरच्या पुढे भेरू घाट उतरताना तर ब्रेकच्या चकत्यांवर सगळी भिस्त, आणि चकत्यांनी कितीही घट्ट धरले तरी शेवटी मदार टायरच्या त्याच चार पंज्यांवर.

एका आक्षेपापुढे भौतिकशास्त्र गप्प बसते: आवाज. अमेरिकी व्ही-८च्या क्रँकची रचना अशी असते की चार-चार सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेतून धुराचे धक्के असमान अंतराने बाहेर पडतात. तो भुडभुडणारा, छातीत घुमणारा सूर त्यातूनच येतो. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांत हादरे एकमेकांना मारतात, म्हणून ते इंजिन रेशमासारखे चालते, पण गुरगुरत नाही. त्या गुरगुरीसाठीच कोणी मस्टँग घेत असेल, तर त्याला चुकीचे ठरवता येणार नाही. त्याने फक्त वेगाचे कारण पुढे करू नये.

हा मोह इंदूरला नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. एका रांगेतले आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. ती सगळी शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना जायची, आणि त्या चाकांवर आजच्या मानाने अरुंद टायर होते.